ओहोटीला उघडणारं दुकान

मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आहे, हे मी कोणालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. लग्न ठरताना सांगितलं, फ्लॅट घेताना बिल्डरच्या माणसाला सांगितलं, एकदा लिफ्टमध्ये अडकलो तेव्हा अंधारातही सांगितलं. लोक "अच्छा" म्हणतात आणि विषय बदलतात. नायगावच्या जुन्या गावातल्या काकांनी मात्र विषय बदलला नाही. त्यांनी विचारलं, "कवा केला?"

"पंचवीस वर्षं झाली."

"मंग त्याच्यानंतर काय वाचला?"

मी त्यांच्या पडवीत उभा होतो, काखेत एक खोकं, पायाशी चार. शेजारी माझी पंधरा वर्षांची लेक. मी खोकं या काखेतून त्या काखेत घेतलं, आणि ते कशासाठी हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

काकांचं दुकान म्हणजे त्यांच्या घराची पडवी. पाटी नाही, काउंटर नाही. भिंतीला लागून लाकडी फळ्या, त्यांवर कॉम्प्युटरचे सुटे भाग, प्रत्येक भाग आपापल्या मूळ खोक्यात. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात, तारा जोडण्याची. तिथून निवृत्त झाल्यावर ते याच्यात पडले. अंगात बाह्यांचा बनियन आणि वर खिशाचा शर्ट, बटणं उघडी. त्या खिशात कायम कुठल्या तरी भागाबरोबर आलेली माहितीपुस्तिका. आपण जी पुस्तिका खोक्याबरोबर फेकून देतो, ती ते चहा पिता पिता कादंबरीसारखी वाचत. कोणी काही विचारलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "वाचला का?" नाही म्हटलं की पुस्तिका पुढे करत आणि आपण घरात निघून जात.

पण त्यांच्यापर्यंत पोचायलाच मला चार खेपा लागल्या, ते आधी सांगायला हवं.

आमचा टॉवर खाडीच्या बाजूला, गावापासून चालत दहा मिनिटांवर. काकांचं नाव आमच्या वॉचमनने सांगितलं. पहिल्या रविवारी गेलो तर कुलूप. पुढच्या शनिवारी संध्याकाळी गेलो तर कुलूप. एका सुट्टीच्या दिवशी गेलो, पुन्हा कुलूप. समोरच्या अंगणात एक म्हाताऱ्या बाई सुकट निवडत बसल्या होत्या. मी विचारलं, "हे काका कुठे गेलेत?"

"भरती हाय नं आता," त्या म्हणाल्या.

मी सांगली जिल्ह्यातला. आमच्याकडे भरती म्हणजे पोलिसांची नाहीतर लष्कराची. या वयाचा माणूस भरतीला जाणार नाही इतकी अक्कल मला होती, त्यामुळे मी दुसरा अर्थ घेतला, ऑफिसातल्या हिंदीतला. चेहरा पाडून विचारलं, "अरेरे. कुठल्या हॉस्पिटलात?"

बाईंनी सुकट निवडायचं थांबवून माझ्याकडे बघितलं. मग खाडीच्या दिशेने हात केला. "पानी भरतंय, पानी! तो उघाडीवर गेलाय."

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं पाणी सोडायचं-अडवायचं दार, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं, की हा गृहस्थ भरतीच्या वेळी दुकान बंद ठेवतो आणि ओहोटी लागली की उघडतो. आणि भरतीची वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकत असल्यामुळे त्याच्या दुकानाची वेळही रोज पाऊण तासाने पुढे सरकते. घरी येऊन मी हे हसत हसत बायकोला सांगितलं. "कसा धंदा करणार हा माणूस," असंही म्हणालो. लेक म्हणाली, "बाबा, तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ येते. आमच्या वर्गातल्या एकीने सांगितलंय." मी म्हणालो, असं काही नसतं. चौथ्या खेपेला तिनेच कॅलेंडर बघून वेळ काढली आणि दार उघडं मिळालं.

आता त्या पाच खोक्यांविषयी.

दहावीनंतर तुला गेम खेळायचा कॉम्प्युटर घेऊन देईन, असा शब्द मी लेकीला दिला होता. तिने वर्षभर वाचून, व्हिडिओ बघून एक यादी केली होती. ती यादी मी बघितली आणि बाजूला ठेवली. म्हटलं, "वॉट आणि व्होल्ट मला शिकवू नकोस." मग तीन महिने मी इंटरनेटवरच्या प्रत्येक सेलवर डोळा ठेवून एकेक भाग घेत गेलो. सगळ्यात आधी घेतली बाहेरची पेटी, कारण तिला काच होती आणि आतले पंखे तीन रंगांत उजळायचे. मग घेतलं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेममधली चित्रं काढणारा भाग, तीन पंख्यांचं, एका हातात मावणार नाही एवढं. मग मुख्य बोर्ड आणि त्याच खोक्यात जोडीने आलेला प्रोसेसर, मग मेमरीच्या पट्ट्या, मग वीज देणारा पॉवर सप्लाय. प्रत्येक खोकं आलं की मी ते जेवणाच्या टेबलावर ठेवून उघडायचो आणि भाषण करायचो.

मग एका रविवारी जोडायला बसलो. कार्ड पेटीत जाईना. आडवं करून, तिरकं करून, पेटीचा पंखा काढून बघितला. चार बोटं कार्ड बाहेरच राहिलं. मेमरीच्या पट्टीला मधे खाच असते आणि बोर्डात उंचवटा. माझी खाच एकीकडे आणि उंचवटा दुसरीकडे. मी पट्टी उलटी करून बघितली. मग जोर लावला. टक् असा आवाज आला. तो खाच जुळल्याचा नव्हता, बोर्डावरची धरणारी खिट्टी तुटल्याचा होता.

लेक सोफ्यावर बसून बघत होती. ती चिडली असती तर बरं झालं असतं. पण ती उठली, माझ्या हातातून स्क्रू ड्रायव्हर घेतला, टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "राहू दे बाबा. एवढं काही नाही. मोबाइलवर खेळीन मी."

त्यानंतर तिने कॉम्प्युटर हा शब्द काढला नाही. मी काढला की "हो, बघू" म्हणायची. माझ्या ऑफिसात वरिष्ठ ज्या सुरात मला "हो, बघू" म्हणतात, अगदी त्याच सुरात. तेव्हा मी वॉचमनला विचारलं.

तर चौथ्या खेपेला आम्ही पडवीत शिरलो. काकांनी आधी खिडकीच्या लोखंडी ग्रिलला हात लावला, दोन क्षण तसाच ठेवला, आणि मग आमच्याकडे वळले. मला वाटलं, काही तरी श्रद्धा असणार. मीही पुढे होऊन ग्रिलला हात लावला आणि तो हात छातीला लावला.

"देव नाय तो," काका म्हणाले. "ग्रिल हाय. आंगातली वीज जमिनीत जाते. नाय तं आपल्या बोटानं भाग मरतो." हे त्यांनी एका इलेक्ट्रिकल डिप्लोमावाल्याला सांगितलं. मग ते वर दिलेलं "कवा केला, काय वाचला" झालं.

मी खोकी उघडायला लागलो तर त्यांनी हाताने थांबवलं. लेकीला स्टुलावर बसवलं आणि विचारलं, "तू काय खेलतंस?"

ती बिचकली. मग हळूहळू सांगायला लागली. एका खेळात ती चार मैत्रिणींबरोबर एक बेट वसवत होती, घरं बांधायची, धरणं बांधायची, वादळ आलं की पुन्हा बांधायची. दुसऱ्यात गाडी चालवायची. काका ऐकत होते, मधेच विचारत होते, की वादळात घर पडतं ते कुठल्या बाजूनं पडतं, गाडी घसरते ती वळणावर घसरते का ब्रेक मारल्यावर. अर्धा तास झाला. एवढं सलग ती माझ्याशी कधी बोलल्याचं मला आठवेना. मी मधे दोनदा कार्डाचं खोकं थोडं पुढे सरकवलं. कोणी बघितलं नाही.

"पडदा कुठला?" त्यांनी शेवटी विचारलं.

"मॉनिटर ना? बाबांच्या ऑफिसमधला जुना आहे."

काकांनी जुन्या कॅलेंडरचं एक पान उलटं केलं आणि पेन्सिलीने सगळ्यात वर लिहिलं, 'पडदा'. त्याखाली खेळ. त्याखाली कार्ड, मग प्रोसेसर, बोर्ड, मेमरी, वीज. पेटी सगळ्यात शेवटी. मी पेटीपासून सुरुवात केली होती. माझी यादी त्या कागदावर खालून वर वाचायची होती.

मला काही तरी बोलून वातावरण हलकं करावंसं वाटलं. म्हटलं, "म्हणजे काका, तुमचं हे पत्रिका जुळवण्यासारखं झालं. छत्तीस गुण!"

"पत्रिका जुलली तरी मानसा भांडतात," ते मान वर न करता म्हणाले. "इथं नाय जुलला तं भांडन पन होत नाय. नुसतं गप बसतात."

मी लेकीकडे बघितलं. ती कागदाकडे बघत होती.

मग त्यांनी खोकी उघडून बघितली आणि सांगितलं ते असं. हा जुना पडदा सेकंदाला साठच चित्रं दाखवतो. हे कार्ड याच्या तिप्पट काढील, ती बघणार कोण? शिवाय कार्ड पेटीत मावत नाही आणि त्याला लागेल एवढी ताकद माझ्या पॉवर सप्लायमध्ये नाही. तेव्हा रस्ते दोन. कार्ड ठेवायचं आणि बाकी सगळं बदलायचं, नाहीतर कार्ड सोडायचं आणि त्याच्याहून लहान घ्यायचं. मग पेटी चालेल, वीज चालेल, बोर्डही चालेल, त्याची दुसरी खिट्टी शाबूत आहे. फक्त मेमरी बदलायची.

"कार्ड सोडते," लेक लगेच म्हणाली.

"थांब, थांब," मी म्हणालो. "असं कार्ड परत मिळायचं नाही. पुढे मोठा पडदा घेऊ, मोठी पेटी घेऊ. भविष्याचा विचार करायला नको?"

काकांनी पेन्सिल कानावर ठेवली. "कार्ड कोनाचा हाय? तिचा का तुमचा?"

पडवीत एक मांजर होतं, तेही माझ्याकडे बघायला लागलं. खरं सांगायचं तर कार्ड माझंच होतं. ऑफिसात मी चार जणांना त्याचा फोटो दाखवला होता. त्या चौघांनाही त्यातलं काही कळत नव्हतं आणि म्हणूनच मी त्यांना निवडलं होतं.

कार्ड गेलं. विरारला लग्नाचे व्हिडिओ जोडणारा एक माणूस काकांच्या ओळखीचा होता, त्याला ते नेमकं हवं होतं. तो न्यायला आला तेव्हा मी खोकं शेवटचं पुसून दिलं. त्याच्या पैशांत लहान कार्ड आणि जुळणारी मेमरी आली.

जोडणीचा दिवस ठरला तो रविवारच्या ओहोटीवर. काकांचा नियम असा, की ते स्वतः स्क्रूला हात लावत नसत. "हात तुमचा, तोंड माझा." ज्याचं मशीन त्याने जोडायचं. लेकीने ग्रिलला हात लावला, पुस्तिका मांडीवर उघडली आणि कामाला लागली. प्रोसेसर बसवताना तिने श्वास धरला होता, तो बसल्यावर सोडला. मेमरीची पट्टी या वेळी अलगद आत गेली आणि टक् झालं. तो आवाज असा असतो हे मला त्या दिवशी कळलं.

मला नुसतं उभं राहवेना. "विजेच्या वायरी मी लावतो," मी म्हणालो. "तेवढं माझं क्षेत्र आहे." काकांनी पुस्तिका माझ्यापुढे धरली. मी ती सौजन्याने बाजूला केली.

सगळं जोडून झालं. लेकीने बटण दाबलं. पंखे फिरले, तीन रंग उजळले, आणि पडदा काळाच. पुन्हा बंद केलं, चालू केलं. पंखे, रंग आणि काळा पडदा.

काकांनी खिडकीतून खाडीकडे बघितलं, शर्टाची बटणं लावली आणि चपला घातल्या. "भरायला लागला. दीड तासात येतो. तवर वाचा."

"अहो, असं कसं?" मी म्हणालो. "हे बंद पडलंय, आणि तुम्ही..."

ते गेले. मी लेकीला समजावलं, की यात आपला काही दोष नाही, बोर्डच खराब निघालाय, यांच्याकडे असंच असतं. ज्या ऑनलाइन दुकानातून बोर्ड घेतला होता त्याच्या ग्राहक सेवेला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एक बाई आल्या. मी त्यांना हिंदीत झापायला सुरुवात केली. मी इंजिनियर आहे, असंही सांगितलं. डिप्लोमा म्हणायचं मी त्या दिवशी टाळलं.

मागून लेक म्हणाली, "बाबा, ही आठ भोकांची जागा रिकामी आहे, ही कुठली?" मी हाताने तिला थांब म्हणालो आणि झापणं चालू ठेवलं. तिने पुस्तिकेचं पान उलटलं, पेटीच्या मागून एक वायर ओढून काढली. ती अजून रबरात गुंडाळलेलीच होती. तिने ती वर कोपऱ्यात बसवली आणि बटण दाबलं.

पडद्यावर अक्षरं आली.

फोनमधली बाई विचारत होती, "सर, आपकी समस्या क्या है, बताइए।"

"अब नहीं है," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

काका आले तेव्हा त्यांचे पाय पोटरीपर्यंत चिखलाने भरले होते. त्यांनी पडदा बघितला. "काय झाला होता?"

लेक म्हणाली, "एक वायर राहिली होती." कोणाकडून राहिली ते तिने सांगितलं नाही. मी पेटीची काच पुसत होतो. काकांनीही विचारलं नाही, पायावर पाणी घ्यायला विहिरीकडे गेले.

त्यानंतर मला त्यांचा पुळका आला. आणि मला कोणाचा पुळका आला की त्या माणसाचं कठीण असतं.

मला वाटलं, एवढा गुणी माणूस असा कोपऱ्यात पडून आहे, याला पुढे आणलं पाहिजे. टॉवरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी दोन पानी मजकूर टाकला, 'आपल्याच शेजारी लपलेला हिरा'. नकाशा टाकला. "मुलांच्या हातून जोडून घेण्याची त्यांची अभिनव शिक्षणपद्धती" यावर एक परिच्छेद टाकला. तेवढ्यावर भागेना म्हणून स्टेशनजवळून एक मोठा फ्लेक्स छापून आणला, 'गेमिंग कॉम्प्युटर तज्ज्ञ, वेळ सकाळी १० ते रात्री ८'. खाली संपर्कासाठी माझा नंबर. काका उघाडीवर गेले असताना तो त्यांच्या फाटकावर बांधून आलो. आश्चर्याचा धक्का द्यायचा होता.

तो बसला. पुढच्या रविवारी फाटकाबाहेर वीसेक पालक. एक बाई वटार गावाहून रिक्षा करून आल्या होत्या. एक गृहस्थ आमच्याच सोसायटीचे, त्यांना गेम पार्लर काढायचं होतं, एकदम तीस कॉम्प्युटर हवे होते. काकांनी त्यांना विचारलं, "बसनार कोन?" ते म्हणाले, "गिऱ्हाईक बसेल, जो येईल तो." काका म्हणाले, "मंग जो येईल त्याला घेऊन या." आणि दार लावून घेतलं.

दार बारा दिवस उघडलं नाही. ओहोटीलाही नाही. माझा फोन मात्र वाजत राहिला. लोक मला विचारत, दुकान का बंद आहे, पाटीवर दहा ते आठ लिहिलंय. मी कसली कसली कारणं दिली.

लेक एक दिवस जेवताना म्हणाली, "बाबा, तू त्यांना विचारलं होतंस का, पाटी लावू का म्हणून?"

मी भातात आमटी कालवत राहिलो. ती पुढे म्हणाली, "आणि ते शिक्षणपद्धती वगैरे काही नाही. त्यांचे हात कापतात. चहाची बशी ते दोन्ही हातांनी धरतात, तू बघितलं नाहीस? खात्यातली नोकरीपण त्यांनी त्यामुळेच वेळेआधी सोडली. मी मेमरी लावत होते तेव्हा सांगितलं त्यांनी."

मी तिथेच होतो तेव्हा. चार फुटांवर. बहुधा कार्डाविषयी विचार करत असेन.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि माफी मागायला निघालो. श्रावणातली पौर्णिमा जवळ आलेली, दुपारची मोठी भरती. घरी नसणार हे माहीत होतं, म्हणून थेट बांधावर गेलो, ऑफिसच्या बुटांत. पहिल्या शंभर पावलांत बूट चिखलाच्या रंगाचे झाले.

काका उघाडीपाशी कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. बांधातून एक नाला खाडीत उतरतो, त्याच्या तोंडाशी दगडी खोबणी आहे आणि त्या खोबणीत एकावर एक लाकडी फळ्या उतरवायच्या, की खाडीचं पाणी आत येत नाही. ते एक फळी खोबणीत घालायला बघत होते आणि ती थरथरत होती. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "ते टोक धरा."

मी बुटांसकट उतरलो. टोक धरलं. फळी बसली. दुसरी दिली, तीही बसली. मग त्यांनी बांधावरून एक गुंडाळी ओढली आणि फळ्यांवर पाण्याच्या बाजूने अंथरली. तो माझा फ्लेक्स होता. 'तज्ज्ञ' खाडीकडे तोंड करून होता आणि माझा मोबाइल नंबर पाण्याखाली चालला होता.

"चांगला हाय तुमचा बोर्ड," काका म्हणाले. "थेंबभर पानी जात नाय."

त्यात टोमणा होता का, हे मी बराच वेळ त्यांच्या चेहऱ्यावर शोधलं. मला वाटतं नव्हता. मी म्हटलं, "काका, माझं चुकलं. तुम्हाला न विचारता..."

"तुमचा नाय, माझा चुकला. मी बोललो पायजे होतो. मना गर्दीत बोलता येत नाय. म्हनून तं खांबावर चढायची नोकरी केली."

आम्ही बांधावर बसलो. खाडीचं पाणी फळ्यांना लागून वर चढत होतं. नाल्याच्या आतल्या बाजूला मात्र ते हातभर खाली होतं. तिकडे शेत दिसत नव्हतं, नुसतं गवत आणि त्यापलीकडे टॉवर. मी विचारलं, "शेती तर आता कोणी करत नाही ना इथे? मग हे कशासाठी?"

"शेती गेली. भावकीनं विकली, मी पन विकला माझा हिस्सा. घर त्याच्यात बांधला." त्यांनी नाल्याच्या दुसऱ्या टोकाकडे बोट केलं. "त्या नाल्याला तुमच्या इमारतीचा पानी येतो. फल्या नाय टाकल्या तं खाडी उलटी नाल्यानं आत जाते. तुमच्या गाड्या हायेत नं खाली?"

आमची गाडी खालच्या मजल्यावर, नाल्याच्या बाजूच्या कोपऱ्यात उभी असते. जागा निवडताना मी समितीशी तीन मीटिंगा भांडलो होतो आणि ती जिंकून मिळवली होती.

"हे तुम्हाला कोणी सांगितलंय? महानगरपालिकेने, बिल्डरने?"

"कोन सांगनार? आमच्या घराकडं होता उघाडीचा काम. शेत विकला म्हनून पानी येयाचा थांबतो का?"

मी समितीच्या पुढच्या मीटिंगमध्ये हे मांडायचं ठरवलं, आणि या वेळी आधी त्यांना विचारलं. ते म्हणाले, मांडा, पण फळ्या जाड सांगा, सागाच्या. मी मांडलं. दोन महिने चर्चा झाली आणि फळ्या आल्या. आता मोठ्या भरतीला आमच्यातले दोघं-तिघं पाळीने खाली उतरतात. मी प्रत्येक पाळीला असतो, कारण माझ्याकडे त्यासाठी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आहेत आणि ते मी सगळ्यांना दाखवले आहेत.

दुकान पुन्हा सुरू झालं. वटारच्या त्या बाई लेकाला घेऊन परत आल्या, तीस कॉम्प्युटरवाले आले नाहीत. आणि दिवाळी झाल्यावर एका दुपारी काका आमच्याकडे आले. जोडलेलं प्रत्येक मशीन ते एकदा घरी जाऊन बघत, हे मला तेव्हा कळलं. पांढरा धुतलेला शर्ट, वरपर्यंत बटणं, खिशात पुस्तिका. सतराव्या मजल्यावर येताना ते लिफ्टमध्ये, तिच्यावर भरवसा नसल्यासारखे, जिन्याच्या दिशेने तोंड करून उभे होते.

बायकोने चहा ठेवला. लेकीने त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं आणि बेटावरची घरं दाखवली. ते मनापासून बघत होते. मी बाजूला उभा राहून माहिती देत होतो, की टेबल मी बनवून घेतलं, जागा मी ठरवली, हवा खेळती राहावी म्हणून पेटी भिंतीपासून वीतभर पुढे ठेवली. पडद्याची वायरही त्या रविवारी घरी आणल्यावर मीच लावली होती. पेटीच्या मागे तशा दोन जागा असतात, एक वर आणि एक खाली. वरची हाताला आधी लागते, म्हणून वर लावली. दोनच दिवसांनी लेक म्हणाली होती, "बाबा, ही बहुतेक खाली, कार्डाच्या जागी लागते. वर लावली की कार्ड नुसतं बसून राहतं." मी म्हणालो होतो, "मी लावलंय ना? हात लावू नकोस." त्यावर ती काही बोलली नव्हती, म्हणजे तिला पटलं होतं.

काकांनी ग्रिल शोधलं, बाल्कनीचं सापडलं, हात लावून आले. मग टॉर्च काढून पेटीच्या मागे वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले.

"ही वायर कोनी लावली?"

मी तोंड उघडायच्या आत लेक म्हणाली, "मी."

काका वाकलेलेच होते. टॉर्च हलत होता, त्यांचा हात हलत होता म्हणून. "वायर वर लावलीय. मंग खालच्या जागेत धूल कशी नाय?" त्यांनी टॉर्च बंद केला आणि सरळ झाले. "दोनी जागा घासल्यात. रोज वर-खाली करतंस काय?"

लेकीचे कान लाल झाले. मी संध्याकाळी सातला घरी येतो. ती चारला कॉलेजातून येते. चार ते सात वायर खाली असायची आणि मी यायच्या आत ती पुन्हा वर जायची. चार महिने. आणि चार महिने मी रात्री जेवताना विचारत होतो, "काय, कसं चाललंय मशीन? छान चाललंय ना?" आणि ती म्हणत होती, "छान."

"सारखा काढून लावून ढिली होल ती," काका म्हणाले. "एकीकडं ठेव."

"कुठे ठेवू?" तिने विचारलं. पण काकांना नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"खाली," मी म्हणालो.

ती पेटीच्या मागे गेली. मागून वायर बसल्याचा आवाज आला. बायको चहा घेऊन आली, काकांनी दोन्ही हातांनी बशी धरली. मी त्यांच्या शेजारी पलंगावर बसलो आणि हळू आवाजात म्हणालो, "काका, वायर मी लावली होती."

"ठाव हाय," ते म्हणाले आणि बशीवर फुंकर घालायला लागले.